पाट का फाटला? नवशिक्यांसाठी लाकूडकामाची ओळख

शिकागोच्या उपनगरातील आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी माळ्यावरून सागाचा पाट खाली काढला, तेव्हा तो मधोमध उभा फाटलेला आढळला. आजोळच्या घरात तीन पिढ्या वापरलेला हा पाट कोकणातील चाळीस पावसाळ्यांतून सुखरूप निघाला होता. अमेरिकेतील दुसऱ्याच हिवाळ्यात त्याला आरपार भेग पडली. त्याच्यावर कोणी काही आदळले नव्हते, वाळवी लागली नव्हती, लाकूडही कुजलेले नव्हते. मग तो फाटला कशाने?

या एका प्रश्नाच्या उत्तरात लाकूडकामाचे निम्मे शास्त्र दडलेले आहे. परदेशात स्थिरावलेल्या अनेक मराठी घरांतून आज असा एखादा पाट, चौरंग किंवा देव्हारा तळघरात पडून असतो. दुसरीकडे, दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना सुट्टीच्या दिवशी हाताने काही घडवावे असे वाटू लागले आहे. ते दुकानात जातात, महागडी यंत्रे घेतात, पहिले फडताळ बनवतात आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचे सांधे उघडे पडलेले पाहून हा नाद सोडून देतात. अशा नवशिक्यांसाठी लाकूड, हत्यारे, सांधे आणि सुरक्षितता यांची ही प्राथमिक माहिती. उदाहरणासाठी शेवटी एक पाटच बनवून पाहू, आणि फाटलेला पाट दुरुस्तही करू.

लाकूड हलते

झाड तोडले तरी लाकडाचा हवेशी असलेला व्यवहार संपत नाही. हवा दमट असली की लाकूड ओलावा शोषून फुगते; हवा कोरडी झाली की ओलावा सोडून आकसते. रंग किंवा पॉलिश दिल्याने हा व्यवहार मंदावतो, थांबत मात्र नाही.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे अमेरिकी वन विभागाची १९१० साली स्थापन झालेली प्रयोगशाळा आहे. तिच्या लाकूडविषयक संदर्भग्रंथातील कोष्टकांनुसार, सामान्य तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडातील ओलावा सुमारे १६ टक्क्यांवर स्थिरावतो. आर्द्रता ३० टक्के असेल तर तो सुमारे ६ टक्क्यांपर्यंत उतरतो. पहिला आकडा पावसाळ्यातील कोकणाचा, तर दुसरा हिटर चालू असलेल्या अमेरिकी घराचा समजावा.

हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आकसत नाही. रुंदीत मात्र ते चांगलेच आकसते, आणि वार्षिक वलयांना समांतर दिशेने सर्वांत जास्त. ओले लाकूड पूर्णपणे वाळवले तर या दिशेने साग ५.८ टक्के, ईस्टर्न व्हाइट पाइन ६.१ टक्के, रेड ओक ८.६ टक्के आणि हार्ड मेपल ९.९ टक्के आकसतो. सागाला ‘न हलणारे लाकूड’ म्हणतात ते या तुलनेत. अजिबात न हलणारे लाकूड नसते.

आता आमच्या पाटाचा हिशेब मांडू. पाट १२ इंच रुंद. लाकडातील ओलाव्याचा फरक सुमारे १० टक्के. हिशेबाने रुंदीत जवळपास पाव इंच घट होते. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या मात्र आकसल्या नाहीत, कारण त्यांचे तंतू पाटाच्या रुंदीच्या दिशेने धावतात. त्या पट्ट्या खिळ्यांनी दोन्ही टोकांना घट्ट ठोकलेल्या होत्या. फळीला आकसायचे होते, खिळे तिला आकसू देत नव्हते; अखेर सर्वांत कमजोर रेषेवर ती फाटली. ज्या सुताराने तो पाट बनवला, त्याचे काम त्याच्या गावच्या हवेसाठी अगदी बरोबर होते. बदलले ते घर.

यावरून पहिला नियम निघतो: रुंद फळीला तिच्या रुंदीत हलायला जागा द्यावी. जुन्या दारांत चौकटीच्या खाचेमध्ये फळी सरस न लावता मोकळी बसवलेली असते, ती याचसाठी.

कोणते लाकूड घ्यावे

इंग्रजी व्यवहारात लाकडाचे सॉफ्टवुड आणि हार्डवुड असे दोन वर्ग आहेत. ही विभागणी लाकडाच्या कठीणपणावरून नव्हे, तर झाडाच्या जातीवरून केलेली आहे. पाइन, स्प्रूस, फर, सीडर यांसारख्या सूचिपर्णी झाडांचे ते सॉफ्टवुड, आणि रुंद पानांच्या झाडांचे ते हार्डवुड. त्यामुळे अत्यंत हलके आणि मऊ असलेले बाल्सा हेसुद्धा शास्त्रानुसार हार्डवुडच ठरते.

प्रत्यक्ष कठीणपणा जांका चाचणीने मोजतात. ०.४४४ इंच व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवण्यासाठी किती पौंड जोर लागतो, तो हा आकडा. व्हाइट पाइन ३८०, पॉपलर ५४०, चेरी ९५०, ब्लॅक वॉलनट १,०१०, रेड ओक १,२९० आणि हार्ड मेपल १,४५०. साग साधारणपणे वॉलनटच्या जवळपास येतो.

नवशिक्याने सुरुवात पाइन किंवा पॉपलरपासून करावी. दोन्ही स्वस्त आहेत, हातकरवतीने सहज कापता येतात आणि बिघडले तर जीव हळहळत नाही. पाइनमध्ये गाठी असतात आणि नखानेही खड्डा पडतो. पॉपलरला हिरवट छटा असते, म्हणून ते रंग देण्याच्या कामी चांगले. पोळपाट किंवा चिरण्याची फळी करायची असेल तर हार्ड मेपल घ्यावे, कारण त्याची छिद्रे बारीक असतात. रेड ओकची छिद्रे मोठी आणि उघडी असल्याने त्यात पीठ आणि पाणी शिरते.

प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. त्यामुळे ते रुंदीत फारसे हलत नाही. फडताळ, मोठे कपाट किंवा देव्हाऱ्याची मागची बाजू यासाठी ते सर्वोत्तम. एमडीएफ सपाट आणि स्वस्त असते, परंतु पाणी लागताच फुगते आणि कडेला स्क्रू नीट धरत नाही. ही दोन्ही पत्रे चिकटवताना वापरलेल्या रसायनांतून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडू शकते. म्हणून अमेरिकेत खरेदी करताना त्यावर ‘टीएससीए टायटल सिक्स’ हा शिक्का आहे ना, ते पाहावे.

दोन लाकडे घरातील कामातून वर्ज्य समजावीत. पहिले, बाहेरच्या कुंपणासाठी रसायने मुरवलेले प्रेशर-ट्रीटेड लाकूड. आर्सेनिक असलेले त्याचे जुने मिश्रण अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून मागे घेतले गेले, तरी जुन्या डेकच्या मोडतोडीत ते अजून सापडते. ते कापू नये आणि जाळूही नये. दुसरे, रस्त्याकडेला मिळणारे मालवाहू पॅलेट. त्यावर ‘एचटी’ हा शिक्का असेल तर लाकडाला केवळ उष्णता दिलेली असते. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. एमबी शिक्क्याचे पॅलेट घेऊ नये.

भारतातून शिसवाची वस्तू आणण्याचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शिसव ज्या वंशात मोडते तो डालबर्जिया वंश २०१७ पासून सर्वच्या सर्व साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव कराराच्या कक्षेत आला आहे. मोठ्या वस्तूंसाठी कागदपत्रे लागू शकतात, म्हणून चौकशी आधी करावी.

फळी निवडताना ती डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून कडेने पाहावी. धनुष्यासारखी वाकलेली, पिळलेली किंवा पन्हळीसारखी खोलगट फळी परत ठेवावी. घरी आणल्यावर ती लगेच कापू नये. ज्या घरात वस्तू राहणार आहे तेथेच, खाली बारीक काठ्या ठेवून, चोहोबाजूंनी वारा लागेल अशी एक-दोन आठवडे पडू द्यावी.

मापे: इंच, पाव इंच आणि सूत

मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या माणसाला अमेरिकेतील ३/८, ५/८, ११/१६ हे अपूर्णांक त्रासदायक वाटतात. पण आपल्याकडचे सुतार आणि फॅब्रिकेटर आजही इंचाचे आठ भाग करून एकेका भागाला ‘सूत’ म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. अमेरिकी टेपवरील ५/८ म्हणजे पाच सूत आणि ३/१६ म्हणजे दीड सूत. असे वाचले की टेप एकदम ओळखीचा वाटू लागतो. ‘सुतार’ हा शब्दही संस्कृतातील ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला आहे. सूत्र धरणारा, म्हणजे दोरीने रेषा आखणारा. कापण्याआधी आखणे हे त्याचे पहिले काम.

दुकानातील नावाचे माप आणि प्रत्यक्ष माप यांत फरक असतो. ‘टू बाय फोर’ प्रत्यक्षात दीड इंच गुणिले साडेतीन इंच असते. ‘वन बाय सिक्स’ पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद. ‘वन बाय ट्वेल्व्ह’ पाऊण इंच जाड आणि सव्वा अकरा इंच रुंद. ओबडधोबड कापलेले लाकूड वाळवून आणि रंधून जे उरते ते हे माप. हार्डवुडच्या वखारीत मात्र जाडी चतुर्थांश इंचात सांगतात आणि किंमत ‘बोर्ड फूट’वर लावतात. एक बोर्ड फूट म्हणजे १४४ घन इंच; बारा इंच लांब, बारा इंच रुंद आणि एक इंच जाड असा तुकडा.

हत्यारे: थोडी, पण चांगली

पहिल्याच दिवशी मोठी यंत्रे घेण्याचा मोह आवरावा. पुढील हत्यारांवर पहिले वर्ष उत्तम जाते.

मोजणे आणि आखणे: टेप, गुण्या आणि टोकदार पेन्सिल. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन. सरकत्या पट्टीचा घेतल्यास खोली मोजायलाही तोच कामी येतो. नवा गुण्या तपासून घ्यावा. सरळ कडेला टेकवून रेषा ओढावी, मग तो उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा ओढावी. दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. नेमक्या कामासाठी पेन्सिलीऐवजी सुरीने रेघ मारावी. तिने तंतू आधीच तुटतात आणि कडा स्वच्छ येते.

कापणे: करवतीचे दात दोन प्रकारचे असतात. तंतूंच्या दिशेने उभे चिरण्याचे दात बारीक पटाशांसारखे खरवडतात. तंतूंना आडवे कापण्याचे दात सुऱ्यांसारखे छेद देतात. आडव्या कापाची करवत उभ्या चिरण्याला लावली तर हात भरून येतात आणि काम पुढे सरकत नाही. पाश्चात्त्य करवत ढकलताना कापते, जपानी करवत ओढताना. ओढताना पाते ताणलेले राहते, म्हणून ते अतिशय पातळ ठेवता येते. दोन्ही कडांना वेगवेगळे दात असलेली ‘र्योबा’ ही जपानी करवत नवशिक्याला एकाच पैशात दोन करवती देते.

तासणे: पटाशी आणि रंधा. पटाश्या दोन, चार आणि सहा सुती रुंदीच्या, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण इंचाच्या, एवढ्या तीन पुरेत. रंध्यांत हातात मावणारा छोटा ब्लॉक प्लेन आणि चार नंबरचा मध्यम रंधा. हे नंबर लिओनार्ड बेली यांच्या रचनेवरून आले. त्यांचे पेटंट स्टॅनले कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तीच रचना आजवर चालत आली आहे. त्यामुळे गराज सेलमध्ये मिळालेला शंभर वर्षांचा जुना रंधासुद्धा गंज काढून आणि धार लावून नव्याइतके काम देतो. रंधा मारताना तंतू कोणत्या बाजूला वर चढत जातात ते फळीच्या कडेवर पाहावे आणि त्याच दिशेने मारावा. उलट मारल्यास लाकूड उपटून निघते.

भोके आणि स्क्रू: एक बॅटरीचे ड्रिल. अमेरिकेतील ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि इतर देशांतील ‘१८ व्होल्ट’ यांत शक्तीचा फरक नसतो. आत पाच लिथियम सेल असतात. नुकतेच चार्ज केल्यावरचा दाब मोजला तर २०, सरासरी मोजला तर १८. भारतातून विजेवर चालणारे यंत्र आणू नये. तेथील वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, येथील १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची.

धरणे: निदान चार क्लॅम्प. ज्या कामात लाकूड हलते, त्या कामात हत्यार घसरते.

सगळे विकत घेण्याचीही गरज नाही. अनेक शहरांत पुस्तकांप्रमाणे हत्यारे उसनी देणारी ग्रंथालये आहेत. कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ही सोय १९७९ मध्येच सुरू केली. कम्युनिटी कॉलेजांतील संध्याकाळचे वर्ग हाही चांगला मार्ग आहे. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी तर हातहत्यारे हाच उत्तम उपाय. त्यांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जात नाही.

धार

नवी पटाशी धार लावलेली येते, पण कामाला लागेल इतकी नव्हे. आणि बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोकादायक असते, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोरात असताना ते निसटते.

पटाशीचा उतार साधारण २५ अंशांचा असतो. टोकाशी ३० अंशांचा बारीक उतार दिल्यास धार अधिक टिकते. प्रथम पटाशीची सपाट बाजू दगडावर घासून टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा करावा. नंतर उतार १,००० क्रमांकाच्या दगडावर घासावा. मागे सर्व रुंदीभर बारीक कोर बोटाला जाणवू लागली की ६,००० क्रमांकाच्या दगडावर जावे. शेवटी चामड्याच्या पट्टीवर दोन्ही बाजू ओढाव्यात. धार पाहण्यासाठी पाइनच्या फळीचे आडवे टोक हलकेच तासावे. तंतू चुरगळले नाहीत आणि पृष्ठभाग गुळगुळीत राहिला, तर धार लागली.

सांधे

दोन फळ्यांच्या लांब कडा एकमेकींना सरसाने चिकटवल्या तर सांधा लाकडाइतकाच, कधी कधी त्याहून अधिक मजबूत होतो. परंतु एका फळीचे कापलेले टोक दुसरीच्या अंगावर चिकटवले तर तो सांधा कमजोर राहतो. टोकाकडील उघड्या नळ्या सरस शोषून घेतात आणि तंतू एकमेकांना समांतर नसतात. लाकूडकामातील बहुतेक सांधे ही अडचण दूर करण्यासाठीच जन्माला आले आहेत.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे स्क्रू. स्क्रूआधी बारीक भोक पाडणे अनिवार्य आहे, नाही तर फळी फुटते. वरच्या फळीतील भोक स्क्रूच्या अंगाएवढे मोकळे असावे आणि खालच्या फळीतील बारीक; तरच दोन्ही फळ्या एकमेकींवर आवळल्या जातात. त्यापुढची पायरी लाकडी खुंट्यांची, म्हणजे डॉवेलची. फडताळासाठी उभ्या फळीत आडवी खाच पाडून तीत कप्पा बसवतात. वजन स्क्रूवर न येता खाचेवर येते.

टेबल-खुर्चीच्या पायांसाठी कूस आणि खाच हा सांधा हजारो वर्षे चालत आला आहे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढीच खाच पाडायची. जिभेची जाडी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. ड्रॉवरच्या कोपऱ्यांसाठी पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा डव्हटेल सांधा असतो. त्याचा आकारच असा की ओढल्यावर तो सुटत नाही. तो पहिल्या वर्षी जमला नाही म्हणून खट्टू होऊ नये.

घरगुती कामाला पांढरा किंवा पिवळा पीव्हीए सरस पुरेसा आहे, भारतातील फेव्हिकॉलच्या जातीचाच. दोन्ही पृष्ठांवर पातळ थर लावून अर्धा-एक तास क्लॅम्पमध्ये आवळून ठेवावे आणि चोवीस तास भार देऊ नये. गराजमधील तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हा सरस खडूसारखा पांढरा पडतो आणि धरत नाही. अशा वेळी लाकूड आणि सरस दोन्ही घरात आणावेत.

पहिले काम: एक पाट

साहित्य थोडके आहे: ‘वन बाय ट्वेल्व्ह’ पाइनची १८ इंच लांब फळी, ‘वन बाय टू’च्या साडेदहा इंचाच्या दोन पट्ट्या, आठ नंबरचे, एक इंच लांबीचे, चपट्या बुडाच्या डोक्याचे सहा स्क्रू आणि सहा वॉशर.

१. फळीचे एक टोक गुण्याने काटकोनात आखून कापावे आणि तेथून १८ इंच मोजावे. करवत रेषेच्या बाहेरच्या, टाकाऊ बाजूला चालवावी. रेषा शिल्लक राहिली पाहिजे.

२. कापलेली टोके ब्लॉक प्लेनने साफ करावीत. दोन्ही बाजूंनी मध्याकडे रंधा मारावा, म्हणजे कोपरे तुटत नाहीत. वरच्या कडा किंचित मोडाव्यात.

३. प्रत्येक पट्टीत तीन जागा आखाव्यात: एक मध्ये, दोन टोकांपासून दीड-दीड इंचावर. तेथे वॉशर सैलसर बसेल एवढी, पाव इंच खोल खळगी पाडावी. खळगीच्या मध्यातून दीड सुती (३/१६ इंच) आरपार भोक पाडावे.

४. आता महत्त्वाची पायरी. मधले भोक गोल ठेवावे. टोकांकडील दोन भोके मात्र गोल कानशीने पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट करावीत, एकूण तीन सूत. वॉशर सरकायला खळगीतही तेवढी जागा करावी.

५. पट्ट्या फळीच्या खाली, दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत, आडव्या ठेवाव्यात. फळीत ३/३२ इंचाची बारीक भोके पाडावीत, पण फळी आरपार जाऊ नये यासाठी ड्रिलच्या टोकावर चिकटपट्टीची खूण करावी. मधला स्क्रू घट्ट आवळावा. कडेचे स्क्रू टेकतील एवढेच आवळावेत. सरस लावू नये.

अशा पाटाची फळी मध्यापासून दोन्हीकडे मोकळेपणाने आकसेल आणि फुगेल. ओलाव्यात ४ टक्के फरक पडला तर या रुंदीची पाइनची फळी जास्तीत जास्त पाऊण सूत हलते. आपण त्याहून अधिक जागा दिली आहे.

घासणे आणि पॉलिश

पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० या क्रमाने, नेहमी तंतूंच्या दिशेने मारावा. एक क्रमांक गाळला तर आधीचे ओरखडे राहतात आणि पॉलिश दिल्यावर ठळक दिसतात.

पॉलिशचे तीन सोपे पर्याय आहेत. पहिला शेलॅक, म्हणजेच लाख. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या कीटकांपासून ती मिळते; तिच्या उत्पादनात झारखंड अग्रेसर आहे. स्पिरिटमध्ये विरघळवून लावली की ती मिनिटांत सुकते, पण गरम भांडे ठेवल्यास पांढरा डाग पडतो. दुसरा पर्याय जवसाचे तेल, ज्याला आपल्याकडे रंगाच्या दुकानात बेल तेल म्हणतात. ते लाकडाचा रंग खुलवते, मात्र पाण्यापासून फारसे रक्षण करत नाही. तिसरा पॉलियुरेथिन, तो सर्वांत टणक, परंतु सुकायला वेळ घेतो. कोणताही पर्याय निवडा, फळीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना सारखेच हात द्या. एकच बाजू रंगवली तर दोन्ही बाजूंनी ओलावा वेगवेगळ्या गतीने जातो-येतो आणि फळी खोलगट होते.

सुरक्षितता

तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कचऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण करते. चिंध्यांच्या ढिगात ती उष्णता कोंडली की कोणी काडी न लावताही आग लागते. चिंधी घराबाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत सुकवावी, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. घासताना एन-९५ मास्क लावावा आणि शक्यतो बाहेर बसून घासावे. यंत्र चालू असताना चष्मा आणि कानांचे संरक्षण हवेच.

फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, लांब मंगळसूत्र, मोकळे केस यांतले काहीही नको. यंत्र कापड पकडते आणि कापडामागून हात ओढला जातो. पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे असावा. टेबल सॉ हे यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये. त्याच्या पात्यात लाकूड अडकले तर ते क्षणार्धात माणसाच्या दिशेने उसळते. घ्यायचेच तर आधी कोणाच्या देखरेखीखाली शिकावे आणि पात्यामागची सुरक्षा-पट्टी व झाकण कधीही काढून ठेवू नये.

जुना पाट पुन्हा जोडताना

फाटलेल्या पाटाच्या भेगेत लांबी किंवा सरस भरून तो तसाच ठेवू नये. पुढच्या पावसाळी हवेत फळी फुगली की भेगेतली भर तिला रेटते आणि नवी भेग पडते. आधी पट्ट्यांचे खिळे सांभाळून उपटावेत. मोकळी झालेली फळी घरातील हवेत महिनाभर पडू द्यावी. भेग टोकापर्यंत गेली असेल तर दोन्ही भाग वेगळे करून कडा रंध्याने सरळ कराव्यात, सागाच्या कडा स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवावा आणि लगेच सरस लावून क्लॅम्पमध्ये आवळावे. पट्ट्या पुन्हा लावताना वर सांगितल्याप्रमाणे टोकांची भोके लांबट करावीत.

आमच्या पाटाची रुंदी या दुरुस्तीत दोन सुतांनी कमी झाली. खिळ्यांची जुनी भोके तशीच ठेवली आहेत. त्यानंतरचे चार हिवाळे त्याने काढले. दर जानेवारीत कडेचे स्क्रू लांबट भोकात किंचित आत सरकलेले दिसतात, जुलैत पुन्हा बाहेर येतात.